झेड-डीएनए ओळखायला पोर्फिरिन प्रोब: सोरेट बँडमधला सीडी सिग्नल कधी खरा मानायचा?

डावा_पीळ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पॉली(डीजी-डीसी), म्हणजे जी आणि सी एकाआड एक असलेला कृत्रिम डीएनए, नेहमीच्या उजव्या पिळाच्या बी रूपातून डाव्या पिळाच्या झेड रूपात गेला की नाही, हे पोर्फिरिन या रंगीत, कड्यासारख्या रेणूच्या सोरेट बँडवरून (त्याचा सगळ्यात तीव्र शोषणपट्टा), म्हणजे ४०० ते ४५० नॅनोमीटरमध्ये सीडी (सर्क्युलर डायक्रोइझम: डाव्या आणि उजव्या वर्तुळी ध्रुवित प्रकाशाच्या शोषणातला फरक) घेऊन ओळखायचं आहे. डीएनएचा स्वतःचा सीडी २५० ते ३०० मध्ये दिसतोच. पण पुढच्या टप्प्यात त्याच क्युव्हेटमध्ये एडीएआर१ या एन्झाइमचं झेड-अल्फा (झेड-डीएनएला धरणारा भाग) हे प्रोटीन आणि २८० ते ३४० मध्ये भरपूर शोषण असलेला एक औषधी रेणू येणार आहे. त्या गर्दीत डीएनएचा सिग्नल वेगळा काढणं अवघड जाईल, म्हणून दृश्य प्रकाशात शोषणारा प्रोब (रूप ओळखून देणारा रेणू) हवा.

सध्याची मांडणी: १ मिलिमोलर सोडियम कॅकोडिलेट, पीएच ७.०, डीएनए ५० मायक्रोमोलर (बेसमध्ये मोजून), २ मिली, १ सेंमी क्वार्ट्झ क्युव्हेट, २५ अंश. तीन गोष्टी दिसतात.

पहिली: ४ मोलर मीठ घातलं की यूव्ही भागातला सीडी नीट उलटतो, २९० च्या आसपास खड्डा येतो. त्यात टीएमपीवायपी४ (धन भाराचं, बिनधातूचं पोर्फिरिन) घातलं तर सोरेटमध्ये काहीच सिग्नल नाही.

दुसरी: १२ मायक्रोमोलर स्पर्मिनने (४ धन भारांचा छोटा अमाइन रेणू) झेड केलं आणि टीएमपीवायपी४ २ मायक्रोमोलरपासून ८ पर्यंत चढवलं. सोरेटमध्ये छान ऋण शिखर येतं, पण त्याच वेळी २९० चा खड्डा भरत जातो.

तिसरी: झिंक असलेलं पोर्फिरिन (झिंक-टीएमपीवायपी४) वापरलं तर ४४० च्या आसपास एक धन आणि एक ऋण असा दुहेरी सिग्नल येतो आणि २९० चा खड्डा टिकतो. पण दुहेरी सिग्नलची उंची एका खेपेला जेवढी, दुसऱ्या खेपेला जवळजवळ दुप्पट. काही वेळा ३०० च्या पुढे सीडी शून्यावर येतच नाही, शेपूट राहते.

कोणता प्रोब धरावा, कोणत्या क्रमाने घालावा, आणि सोरेटमधला सिग्नल झेडमुळेच आला हे कशावरून ठरवावं?

सोरेट४२२

तुमच्या दुसऱ्या निरीक्षणापासून सुरुवात करतो, कारण सगळ्या प्रश्नाची मेख तिथे आहे. तिथे प्रोबने झेड ओळखलेलं नाही. प्रोबने झेडचं बी केलं आणि मग त्या बीचा सिग्नल तुम्हाला दाखवला.

बिनधातूचं टीएमपीवायपी४ सपाट आहे. जी-सी जोड्यांच्या मध्ये ते सरळ घुसतं. अशा घुसखोर रेणूंना बी रूप मानवतं आणि झेड मानवत नाही. त्यामुळे प्रत्येक घुसलेला रेणू आसपासच्या जोड्या बीकडे ओढतो, आणि हे काम एकमेकांच्या मदतीने, झपाट्याने होतं. इथिडियम ब्रोमाइड हेच करतं, हे पोल आणि जोविन यांच्या गटाने १९७२ मध्येच दाखवलं होतं. मीठ वाढवून पॉली(डीजी-डीसी) चा सीडी उलटतो हे ज्या वर्षी छापून आलं, त्याच वर्षी. झेडची स्फटिकरचना त्यानंतर ७ वर्षांनी, १९७९ मध्ये आली.

आता तुमचं प्रमाण बघा. ५० मायक्रोमोलर बेस म्हणजे २५ मायक्रोमोलर जोड्या. ८ मायक्रोमोलर पोर्फिरिन म्हणजे साधारण ३ जोड्यांमागे एक. घुसणारा रेणू शेजारची जागा रिकामी ठेवतो, म्हणजे फार तर २ जोड्यांमागे एक बसू शकतो. शक्य जागांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश तुम्ही भरून टाकल्या आहेत. इतक्या भारात झेड टिकण्याची अपेक्षाच ठेवता येत नाही.

हे पडताळायला सीडीसुद्धा लागत नाही, साधा यूव्ही-व्हिजिबल पुरतो. मोकळ्या टीएमपीवायपी४ चा सोरेट ४२२ वर असतो. जी-सी मध्ये घुसलं की तो १५ नॅनोमीटर किंवा जास्त लाल बाजूला सरकतो आणि शोषण ३५ टक्के किंवा त्याहून अधिक घटतं. सीडीत ऋण शिखर. ए-टी च्या खाचेत नुसतं बाहेरून टेकलं तर सरक ८ च्या आत, घट १० टक्क्यांच्या आत आणि सीडी धन. फील, पास्टरनॅक, गिब्ज यांच्या १९८० च्या दशकातल्या कामापासून हे निकष वापरात आहेत आणि अजून भक्कम आहेत. तुमचं ऋण शिखर थेट या पहिल्या खणात बसतं.

पहिलं निरीक्षण सोपं आहे. या पोर्फिरिनवर ४ धन भार आहेत आणि डीएनएला त्याची ओढ बव्हंशी विद्युत आहे. ४ मोलर सोडियमपुढे २ मायक्रोमोलर पोर्फिरिनला फॉस्फेटजवळ जागा मिळत नाही. डीएनए झेड आहे, पण प्रोब द्रावणात मोकळा फिरतोय. पोर्फिरिनला स्वतःची कैरॅलिटी (डावं-उजवंपण) नाही, त्यामुळे मोकळं असताना सीडी शून्य. म्हणजे मिठाने केलेलं झेड धन भाराच्या प्रोबने वाचायला जाऊच नका. कमी मिठात झेड देणारी वाट धरा: स्पर्मिन, किंवा हेक्साअमाइन कोबाल्ट, किंवा मिथिल-सायटोसिन असलेला डीएनए.

झिंक-टीएमपीवायपी४ का चालतं? झिंकवर पाण्याचा एक रेणू आडवा बसलेला असतो. त्या जाडीमुळे रेणू जोड्यांत घुसू शकत नाही, बाहेरच राहतो आणि झेडला धक्का लावत नाही. कॉपर, निकेल आणि पॅलेडियमची हीच धन पोर्फिरिनं मात्र चपटी, जी-सीमध्ये ती घुसतात. धातू कुठला यावर सगळं अवलंबून आहे. स्पर्मिनने केलेल्या झेडवर झिंकचं पोर्फिरिन दुहेरी सीडी देतं आणि झेडचं बी करत नाही, हे अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या बेरोवा-नाकानिशी गटाने इटलीतल्या कतानियाच्या पुरेल्लो यांच्यासह २००५ मध्ये प्रसिद्ध केलं. तुमचं तिसरं निरीक्षण त्याच्याशी जुळतं. प्रोब बरोबर निवडलाय, आता फक्त खेपेगणिक बदलणारी उंची सोडवायची आहे.

नळीवाला

उंचीबद्दल. आधी भारांचा हिशोब मांडा. ५० मायक्रोमोलर फॉस्फेट म्हणजे ५० ऋण भार. १२ मायक्रोमोलर स्पर्मिन गुणिले ४ म्हणजे ४८ धन भार. डीएनएचे साधारण ९० टक्के भार निष्प्रभ झाले की साखळ्या एकत्र गोळा होऊ लागतात. सगळं स्पर्मिन काही बांधलेलं नसतं, थोडी जागा सोडियमही धरतो, म्हणून १२ वर बहुधा निभावतं. पण तुम्ही कड्याच्या टोकाला उभे आहात. त्यात २ मायक्रोमोलर पोर्फिरिन आणखी ८ धन भार घेऊन येतं. ३०० च्या पुढची शेपूट तिथूनच येते: गोळा झालेला डीएनए प्रकाश विखुरतो, आणि मोठ्या गोळ्यांना स्वतःचा असा भलामोठा सीडी असतो ज्याचा बी-झेडशी काही संबंध नाही.

म्हणून प्रत्येक थेंबानंतर ३५० नॅनोमीटरवर शोषण बघा. डीएनए आणि स्पर्मिन तिथे शोषत नाहीत. पोर्फिरिनचं थोडं असतं, तेवढ्यासाठी डीएनएशिवायची ओळ आधी काढून ठेवा. त्याहून ०.०१ वर गेलं की थांबा, ती नळी टाकून द्या. गरम करून, हलवून ती परत सुधारते असं धरून चालू नका.

एका नळीची कृती अशी.

डीएनएचा स्टॉक १ मिलिमोलर (बेसमध्ये), १ मिलिमोलर कॅकोडिलेटमध्ये, आधी त्याच बफरविरुद्ध डायलिसिस करून घेतलेला. पुरवठादाराच्या पावडरीत किती मीठ आहे ते सांगता येत नाही, आणि इथे २-४ मिलिमोलर सोडियमनेही स्पर्मिनचा आकडा बदलतो. टीई (ट्रिस-ईडीटीए) बफरमध्ये विरघळवू नका. मोजमाप वजनावर नको, २५४ वर ८,४०० प्रति मोलर प्रति सेंमी (एका बेसमागे) धरून शोषणावर करा. ५० मायक्रोमोलरला ०.४२ यायला हवं.

क्युव्हेटमध्ये १.८७ मिली बफर, १०० मायक्रोलिटर डीएनए. बी रूपाचा पूर्ण सीडी इथेच घ्या, २२० ते ५००. हा नंतर लागणार आहे.

स्पर्मिन टेट्राहायड्रोक्लोराइड घ्या, मोकळा अमाइन नको. तो हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतो आणि पावसाळ्यात तर बाटली उघडली की वजनाचा भरवसा संपतो. ३.४८ मिलिग्रॅम १० मिलीत म्हणजे १ मिलिमोलर. त्यातले २४ मायक्रोलिटर, पण एकदम नाही: ६-६ मायक्रोलिटर, चुंबकी कांडी फिरत असताना. टोकाशी क्षणभर स्पर्मिन फार दाट असतं आणि तेवढ्यात गोळे धरतात. मग ६० अंशांवर ५ मिनिटं, आणि सावकाश २५ वर. बी आणि झेडच्या मधला उंबरठा उंच आहे, थंडपणी घातलं तर रूपांतर अर्धवट राहतं आणि पुढे स्कॅन चालू असतानाही सरकत राहतं. तुमच्या उंचीतला काही फरक याचाही असेल. रूपांतर पूर्ण झालं का हे २९० वर सीडी ५ मिनिटं स्थिर राहतो का यावरून ठरवा.

पोर्फिरिन सगळ्यात शेवटी. आधी घालून मग स्पर्मिन दिलं तर ते बीवर ठाण मांडतं आणि दोघांच्या स्पर्धेत झेड कधी पूर्ण होतच नाही. झिंक-टीएमपीवायपी४ चा स्टॉक २०० मायक्रोमोलर, प्रत्येक वेळी ५ मायक्रोलिटर म्हणजे अर्धा मायक्रोमोलर. ४ वेळा घातलं की २ मायक्रोमोलर, म्हणजे २५ बेसमागे एक. याच्या वर जाऊ नका. स्टॉकचं मोजमापही शोषणावरच: १०० पट पातळ करून सोरेटवर (४३६-४३७) सुमारे ०.४१ आलं पाहिजे, गुणांक २,०४,००० धरून. पावडरीत पाणी असतं, वजनाने मोजलं तर गडबड ठरलेली.

बेसलाइन

वरच्या कृतीला जोडून दोन गोष्टी, दोन्ही उंची दुप्पट किंवा निम्मी करू शकतात.

एक, काच. धन भाराचं पोर्फिरिन क्वार्ट्झला चिकटतं. २ मायक्रोमोलर द्रावणातून बराच भाग भिंतीवर जाऊ शकतो, आणि पुढच्या नळीत तो डीएनएवर उतरतो. पाण्याने आणि इथेनॉलने धुऊन निघत नाही. बफर भरून ४२० ते ४४० मध्ये शोषण बघा, टेकाड दिसलं तर क्युव्हेट अजून घाण आहे. पातळ नायट्रिक आम्लात रात्रभर ठेवा, मग भरपूर पाणी, मग बफर. आम्लाचा अंश राहिला तर तो झिंकच्या पोर्फिरिनला नडतो, त्याबद्दल पुढे. पोर्फिरिनचे स्टॉक काचेच्या बाटलीत न ठेवता प्लॅस्टिकच्या नळीत ठेवा. पिपेटचं टोकही द्रावणात दोन-तीनदा भरून रिकामं करा, नाहीतर पहिल्या ५ मायक्रोलिटरमध्ये थोडं टोकालाच राहतं.

दोन, झिंक निघून जाणं. आम्लात झिंक सहज सुटतो आणि मागे उरतं बिनधातूचं टीएमपीवायपी४, म्हणजे नेमका तो घुसखोर. १० टक्के झिंक गेला तरी झेड कुरतडायला तेवढा पुरतो. ओळखायची खूण सोरेटमध्ये शोधू नका, तिथे दोन्ही एकमेकांवर चढलेले असतात. ५०० ते ६५० बघा. झिंकच्या पोर्फिरिनला तिथे २ शिखरं असतात, ५६४ आणि ६०५ च्या आसपास. बिनधातूच्याला ४, आणि त्यातलं सगळ्यात ठळक ५१८ वर. ५१८ ला खांदा दिसला की स्टॉक बाद. त्यासाठी २ मायक्रोमोलर फार पातळ पडतं, २० मायक्रोमोलर द्रावण घ्या.

प्रकाशाचीही काळजी घ्या. पोर्फिरिन प्रकाशात सिंग्लेट ऑक्सिजन (ऑक्सिजनचं फार क्रियाशील रूप) तयार करतं आणि तो ग्वानिनवर हल्ला करतो. तुमची साखळी अर्धी ग्वानिनचीच आहे. नळ्या फॉइलमध्ये, खोलीतला दिवा मंद, आणि सीडीत एकाच नळीवर तास-तास स्कॅन नको. सोरेटच्या भागात बँडविड्थ १ नॅनोमीटर, वेग ५० ते १०० नॅनोमीटर प्रति मिनिट, ४ ते ८ स्कॅनची सरासरी पुरते. डिटेक्टरचा व्होल्टेज ६०० च्या खाली राहू द्या. मिठाची नळी २१० च्या खाली मोजण्यात अर्थ नाही, क्लोराइड तिथे सगळा प्रकाश खातं.

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर १०-१५ अंशांवर मोजणार असाल तर क्युव्हेटच्या बाहेरच्या भिंतीवर दव धरतं आणि सिग्नल हळूहळू खचतो. सॅम्पलच्या कप्प्यात नायट्रोजन सोडा किंवा २५ अंशांवरच राहा.

डावा_पीळ

खूप उपयोगी माहिती. वर सांगितल्याप्रमाणे तपासून आकडे देतो. शेपूट असलेल्या नळ्यांत ३५० वर शोषण ०.०३ ते ०.०५ होतं, न शेपटाच्यात ०.००५ च्या खाली. झिंकच्या एका स्टॉकला ५१८ वर स्पष्ट खांदा आहे, दुसऱ्याला नाही. खांदा नसलेला स्टॉक आणि स्वच्छ क्युव्हेट घेतल्यावर ४४० चा दुहेरी सिग्नल दर खेपेला ७-८ टक्क्यांच्या आत जुळतोय.

आता राहिलेला प्रश्न: दुहेरी सिग्नल दिसला म्हणजे झेड, असं लिहिता येईल का? आणि डाव्या पिळाचा डीएनए म्हणून सिग्नलचं चिन्ह उलटं, असं स्पष्टीकरण योग्य आहे का?

सिन_ग्वानिन

दुसऱ्या भागाला सरळ नाही. सोरेटमधला सीडी पोर्फिरिन आणि डीएनए यांच्या परस्परांच्या बसण्याबद्दल सांगतो. दुहेरी सिग्नल दोन पोर्फिरिन एकमेकांजवळ, एका ठरावीक कोनात आले की येतो. डीएनएच्या बाहेरच्या अंगाने पोर्फिरिनांची रांग लागली की बी रूपावरही असा सिग्नल मिळू शकतो, विशेषतः पोर्फिरिनचं प्रमाण जास्त असेल किंवा मीठ वाढवलं असेल तर. चिन्हावरून पीळ थेट वाचता येत नाही.

डीएनएच्या स्वतःच्या सीडीलाही हेच लागू आहे, आणि हे अनेक लेखांत निसटतं. पॉली(डीआय-डीसी), म्हणजे जीऐवजी इनोसिन असलेला डीएनए, उजव्या पिळाचा असूनही त्याचा सीडी उलटा दिसतो. त्यामुळे '२९० ला खड्डा म्हणून झेड' हे विधान फक्त पॉली(डीजी-डीसी) सारख्या, आधी दुसऱ्या पद्धतींनी तपासलेल्या साखळीपुरतं चालतं.

पहिल्या भागाला हो, पण पुढच्या चाचण्या एकत्र टिकल्या तरच.

पोर्फिरिन घालण्याआधीचा आणि घातल्यानंतरचा २३० ते ३२० चा सीडी एकमेकांवर ठेवा. जुळायला हवा. प्रोब डीएनएचं रूप बदलत नाही याचा हा सगळ्यात थेट पुरावा, आणि प्रत्येक आकृतीत तो दाखवावा असं माझं ठाम मत आहे. नुसती सोरेटची आकृती छापलेली बघितली की पहिला प्रश्न हाच पडतो.

प्रमाण कमी करून बघा: २५ बेसमागे एक, मग ५० मागे एक, मग १०० मागे एक. मिलिडिग्रीत तुलना करू नका, पोर्फिरिनच्या एका मोलमागे काढा. मिलिडिग्रीला ३२,९८० गुणिले पोर्फिरिनची मोलरमधली संहती गुणिले सेंमीतली लांबी याने भागा. ३ मिलिडिग्री, २ मायक्रोमोलर, १ सेंमी असेल तर सुमारे ४५ प्रति मोलर प्रति सेंमी. हा आकडा प्रमाण कमी करताना साधारण स्थिर राहिला तर सिग्नल डीएनएवरच्या ठरावीक जागेचा. झपाट्याने घसरला तर रांगेचा.

चार नियंत्रण नळ्या हव्यातच: स्पर्मिनशिवाय बी पॉली(डीजी-डीसी) अधिक पोर्फिरिन; काफ थायमस (वासराच्या थायमस ग्रंथीचा) डीएनए अधिक स्पर्मिन अधिक पोर्फिरिन (हा इतक्या स्पर्मिनला झेड होत नाही, म्हणजे स्पर्मिनचा स्वतःचा परिणाम वेगळा निघतो); डीएनएशिवाय स्पर्मिन अधिक पोर्फिरिन; आणि झेड करून मग मुद्दाम बीकडे परत आणलेली नळी. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. त्यासाठी इथिडियम नको, तो सोरेटच्या कडेला स्वतः शोषतो. सोडियम क्लोराइड ५०-१०० मिलिमोलरपर्यंत वाढवा: स्पर्मिन सुटतं, ४ मोलरपेक्षा मीठ फार कमी असल्याने झेड टिकत नाही आणि २९० चा खड्डा जातो. पोर्फिरिनही थोडं सुटतं, म्हणून सोरेटचं शोषणही सोबत मोजा आणि किती बांधलेलं आहे ते बघूनच सीडी वाचा.

यूव्हीवरून एक झटपट पडताळा: २९५ आणि २६० च्या शोषणाचं गुणोत्तर. बीला ०.१४-०.१५ च्या आसपास, झेडला ०.३ च्या आसपास. हे पोर्फिरिन घालण्याआधीच काढा. एकदा तरी दुसऱ्या पद्धतीने शिक्कामोर्तब करा. रामनमध्ये ग्वानिनची ६८२ ची रेषा जाऊन ६२५ ला येते, कारण झेडमध्ये ग्वानिन सिन अवस्थेत, म्हणजे साखरेच्या बाजूला वळलेला असतो. फॉस्फरस एनएमआरमध्ये एका शिखराची दोन होतात, कारण झेडमध्ये कण्याचा साचा दर एका नाही तर दर दोन बेसांनी पुन्हा येतो.

आणि मागवताना नाव नीट वाचा. पॉली(डीजी-डीसी)·पॉली(डीजी-डीसी) ही एकाआड एक साखळी. पॉली(डीजी)·पॉली(डीसी) म्हणजे एका धाग्यात सगळे जी, दुसऱ्यात सगळे सी. यादीत ही दोन्ही शेजारी असतात. दुसरी झेड होत नाही. स्पर्मिनने, मिठाने, कशानेच नाही.

नळीवाला

दुसरा प्रोब ठेवायचा असेल तर निकेल-टीपीपीएस बघा, ऋण भाराचं पोर्फिरिन. सोरेट ४०८ च्या आसपास. एरवी डीएनएचे फॉस्फेट त्याला दूर लोटतात. स्पर्मिनने झेड झालेल्या डीएनएवर मात्र त्याचा सीडी उमटतो आणि बीवर नाही, असं कतानियाच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं. फायदा हा की ते स्पर्मिनशी डीएनएवरच्या जागेसाठी भांडत नाही. तोटा हा की ४ ऋण भार आणि ४ धन भार यांची आपसात गाठ पडू शकते, म्हणून डीएनएशिवायची नळी इथे टाळता येणार नाही. दोन विरुद्ध भारांचे प्रोब एकच उत्तर देत असतील तर तुमचं विधान बरंच भक्कम होतं.

लांब साखळीऐवजी छोटे धागे घेतले तर गोळे धरण्याचा त्रास कमी होतो, पण टोकांकडून साखळी उसवते आणि झेड करायला जास्त जोर लागतो. सायटोसिनला ५ व्या जागी मिथिल घातलं की तो जोर खूप कमी होतो. लांब साखळीत मिथिलमुळे मिठाची गरज अडीच मोलरवरून ०.७ मोलरवर येते आणि मॅग्नेशियम मिलिमोलरच्याही खाली पुरतं. ८-मिथिलग्वानिन घातलं तर कमी मिठातही झेड टिकतं. आणि प्रश्न फक्त बी आणि झेडच्या सांध्याचा असेल तर पोर्फिरिन सोडून त्या जागी २-अमिनोप्युरिन (चमकणारा बेस) बसवा: सांध्यावर एक जोडी बाहेर फेकली जाते, रचलेपण सुटतं आणि त्याची फ्लुओरेसन्स (३०५-३१० वर उत्तेजन, ३७० वर मोजमाप) एकदम चढते. फक्त तुमचा औषधी रेणू ३४० पर्यंत शोषतो म्हणालात, त्या नळीत ही वाट बंद.

सोरेट४२२

झेड-अल्फाबद्दल कुणी बोललं नाही, आणि पुढचा टप्पा तोच आहे, म्हणून लिहितो.

हे प्रोटीन स्पर्मिनशिवाय, कमी मिठात, एकट्याने जी-सीच्या एकाआड एक साखळीला झेड करतं. म्हणजे स्पर्मिनने आधीच झेड केलेल्या नळीत ते घालून तुम्हाला नवीन काही कळणार नाही. बी रूपातून सुरुवात करा. आणि प्रोटीनपुरता प्रोब लागतच नाही: प्रोटीनच्या हेलिक्सचा सीडी २५० च्या खाली दाट असतो, २५५ आणि २९० वर प्रोटीनचा वाटा अगदी किरकोळ. २५५ वर काळाबरोबर सीडी नोंदवा. वळण पूर्ण व्हायला २५ अंशांवर बराच वेळ लागतो, तासभर राखून ठेवा.

प्रोब हवा तो औषधी रेणूसाठी. तिथे एक अडचण आहे. झेड-अल्फा डीएनएच्या फॉस्फेटच्या कण्यालाच धरतं, आणि झिंकचं पोर्फिरिनही त्याच बाजूला असतं. प्रोटीन बसलं की पोर्फिरिन सुटतं. सोरेटचा सिग्नल कमी होईल, डीएनए मात्र झेडच असेल. म्हणून प्रोटीन आणि पोर्फिरिन एका नळीत असताना सिग्नल घटला यावरून काहीही ठरवू नका. उलट दिशेने वापरता येतं: औषधी रेणू झेडचं बी करतो का, हे प्रोटीनशिवाय, स्पर्मिनच्या नळीत पोर्फिरिनने बघा, प्रोटीनसोबत तोच प्रश्न असेल तर २५५ वर बघा. तिथे तुमचा रेणू तुमच्या म्हणण्याप्रमाणे २८० च्या पुढे शोषतो, तेव्हा २५५ ची खिडकी बहुधा मोकळी आहे. रेणूचा एकट्याचा स्पेक्ट्रम तेवढा तपासा. आणि तो डीएनएला बांधला गेल्यावर त्याच्या स्वतःच्या शोषणात सीडी उमटू शकतो, तेही बी डीएनएसोबत वेगळं मोजून ठेवा.

प्रोटीन घालताना त्याच्यासोबत येणाऱ्या बफरचा हिशोब करा. १५० मिलिमोलर मिठातलं १०० मायक्रोलिटर प्रोटीन २ मिलीत घातलं तर मीठ ७ मिलिमोलर होतं, म्हणजे तुमच्या १ मिलिमोलर सोडियमच्या ७ पट. स्पर्मिनच्या नळीत एवढंही पुरेसं आहे. तेवढाच नुसता बफर घातलेली नळी शेजारी ठेवा. प्रोटीन हिस-टॅगने (प्रोटीनला जोडलेली हिस्टिडिनांची शेपटी) शुद्ध केलं असेल तर उरलेला इमिडाझोल पूर्ण काढा आणि शक्य असेल तर टॅगही कापा, कारण झिंकवरच्या पाण्याच्या जागी इमिडाझोल येऊन बसू शकतो. सोरेट लाल बाजूला सरकतो आणि तो सरक डीएनएला बांधल्यामुळे आला असं वाटतं. डीएनए नसलेल्या नळीत प्रोटीन अधिक पोर्फिरिन मोजून हा फरक आधी बाजूला काढा. ४३६ चा सोरेट तिथे हलला नाही, तरच पुढे जा.